कायगावला जाण्याआधी

वेरूळला जाणारी माणसं लेणी बघायला जातात. या कार्तिकात मी आणि माझा धाकटा भाऊ सुधीर त्या रस्त्याने गेलो ते आमच्या गाडीचा ब्रेक नेमका कुठे दगा देतो हे बघायला. अंतर म्हणाल तर काहीच नाही, रोज दिवेलागणीच्या आत घरी परतत होतो. तरी नागपूरला परत आल्यापासून मी मनाने त्याच रस्त्यांवर फिरते आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

आमचे वडील, आण्णा, गेल्या कार्तिकात गेले. झोपेतच गेले. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि गोदावरीचे कालवे त्यांना शेजाऱ्यांच्या मुलांसारखे नावानिशी माहीत होते. अस्थी घेऊन सुधीर, काका आणि भावकीतले पुरुष भाड्याच्या जीपने कायगावला, गोदावरी-प्रवरेच्या संगमावर गेले. आमच्याकडे बायका नदीवर जात नाहीत. आई फाटकाशी उभी राहून जीप वळेपर्यंत बघत होती, एवढंच मला आठवतं.

आता वर्षश्राद्ध आलं होतं. आईने महिनाभर आधीच सांगून ठेवलं, "मला ती जागा बघायचीय. यांना कुठं सोडलं ते. आणि जायचं ते यांच्याच गाडीनं. ती भाड्याची जीप पुन्हा दारात नको."

"आणि नाही जमलं तर?" सुधीरने विचारलं.

"तर करा घरीच. मागच्या वर्षी कुठं मला कुणी विचारलं होतं!"

अडचण गाडीचीच होती. तिचा ब्रेक मधूनच जायचा. रोज नाही, दर फेरीला नाही. कधीतरी, मनात येईल तेव्हा पाय थेट खालपर्यंत जायचा, आणि थोडा वेळ गाडी उभी ठेवली की जणू काही झालंच नव्हतं. सुधीरने फोनवर सांगून टाकलं, "ताई, श्राद्धाच्या आत दोष सापडला नाही तर मी गाडी देऊन टाकतो. ऑफिसातला एक जण मागे लागलाय. असल्या गाडीत आईला बसवायची माझी हिंमत नाही." मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि आले.

औरंगपुरा

सलीमभाईंचं गॅरेज औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशी वह्या-पुस्तकांची दुकानं, पुढे बांगड्या, पुढे भांडी, आणि भांड्यांच्या खणखणाटात मिसळून गेलेला सलीमभाईंचा हातोडा. लहानपणी शाळेची पुस्तकं घ्यायला आण्णा इथेच आणायचे. पुस्तकं घेऊन झाली की गरम इमरती, आणि इमरतीचे चिकट हात नव्या पुस्तकांना लागू नयेत म्हणून घरी पोचेपर्यंत दोन्ही हात वर धरून बसायची सक्ती. नागपुरात मला सगळं मिळतं, पण हात वर धरून खावी अशी गोष्ट मिळत नाही.

"नागपूरवाले आले!" सलीमभाईंनी पुसायच्या कापडाला हात पुसले. दाढी पार पांढरी झाली होती आणि पोट होतं त्याहून पुढे आलं होतं. आण्णांची गाडी घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून तिच्यावर यांच्याशिवाय कुणाचा हात पडलेला नाही.

"सलीमभाई, काय झालंय हिला?"

"गाडीला कुछ नै हुआ. तुमच्या भावाला वहम झालाय."

सुधीर भडकला. "वहम? त्या दिवशी पाय पार पत्र्याला टेकला माझा. पुढं रिक्षा होती. तो वहम?"

"मग मी चालवली तवा का नै गया? लायनर बघितले, पाइप बघितले, ऑइल बघितलं. सब बराबर. ताई, तुम्ही बसा बाजूला. तुम्हीच फैसला करा."

गाडीत बसण्याआधी त्यांनी जे केलं ते मी बघत राहिले. पुढच्या सीटखाली वाकून त्यांनी रुळावर खडूने एक रेघ ओढली, मग खालचा दांडा उचलून सीट मागे ढकलली आणि पोट सांभाळत आत बसले. औरंगपुऱ्यातून पैठण गेट, तिथून मोठ्या रस्त्याला लागून मोकळ्यावर एक लांब फेरी. दर चौकात ते मुद्दाम जोरात ब्रेक मारायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "हौ?" गाडी दर वेळी जागच्या जागी उभी राहायची. मागचे रिक्षावाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाजूने जात होते.

परत आल्यावर ते उतरले, पुन्हा वाकले आणि सीट पुढे ओढून खडूच्या रेघेशी तंतोतंत आणून बसवली. हलवून बघितली.

"एवढं कशाला?" मी म्हटलं.

"सर की सीट है बेटा. वो नै रहे तो क्या, उनकी जगह तो उनकीच है."

आण्णा बुटके होते. स्टिअरिंग छातीशी घेऊन बसायचे, खाली आईने जुन्या लुगड्याची शिवलेली उशी. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं हे घरातल्यांना कुणी न सांगता कळतं. कपडे वाटले गेले, चपला गेल्या, चष्मा आईने तिच्या कपाटात ठेवला. पण सीट कुठे पुढे-मागे असावी ही काही वस्तू नव्हे. ती कुणाला देता येत नव्हती, म्हणून राहिली, आणि राहिली म्हणून तिला हात लावायचा नाही असं घरात आपोआप ठरलं. माझ्या सासरी, तिकडे विदर्भात, माणूस गेला की त्याची खाट त्याच दिवशी जागेवरून हलवतात. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला फार निष्ठुर वाटलं होतं.

सुधीर मात्र मामांवर गेलेला, ताडमाड. आण्णांच्या सीटवर तो मतदानाच्या दिवशी बालवाडीच्या बाकावर बसलेल्या अधिकाऱ्यासारखा दिसायचा. वर्षभर तो तसाच गाडी चालवत होता. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि मलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही.

"असं करा," निघताना सलीमभाई म्हणाले, "हिला घेऊन फिरा. लंबा फिरा. डाक्टरला पेशंटनं सांगावं लागतं ना, कुठं दुखतं, कवा दुखतं? जिथं जाईल तिथली खबर आणा. चढ होता का उतार, गाडी गरम होती का गार. मग बघतो मी तिच्याकडं."

पडेगावच्या पुढे

दुसऱ्या दिवशी आईने धपाटे बांधून दिले. दह्याचा डबा, लसणाची चटणी. "ब्रेक शोधायला चाललाय का सहलीला?" तिने विचारलं आणि तरी डब्यात दोन धपाटे वाढवले.

छावणी ओलांडली की पडेगाव. आमच्या लहानपणी पडेगाव म्हणजे शहर संपल्याची खूण होती. रविवारी आण्णा खात्याची जीप कधी मिळाली तर जीपने, नाहीतर स्कूटरवर आम्हाला पुढेमागे बसवून या रस्त्याला आणत. पडेगाव मागे पडलं की ते स्वतःशी बोलल्यासारखं सांगायचे: या ओढ्याला पाणी कुठून येतं, त्या टेकडीच्या पोटात जुनी नहर कुठून जाते, मातीचे नळ कसे एकात एक बसवलेत. आम्हाला त्यात काडीचा रस नसायचा. आमचं लक्ष दौलताबादच्या पेरूंकडे. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या आहेत, मंगल कार्यालयं आहेत, आणि ओढा कुठे होता ते मला ओळखता येईना. सुधीरला विचारलं तर म्हणाला, "तो काय, त्या पेट्रोल पंपाच्या मागं." माझ्यापेक्षा त्याने आण्णांचं ऐकलं होतं तर.

किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. गाडी थांबवली. ब्रेक उत्तम लागला.

"पिकलेली आहेत का मावशी?" मी विचारलं.

"आज खायाची का उद्या?"

"आजच."

तिने पाटीतली फळं एकेक करून अंगठ्याने चाचपली आणि वेगळी काढली. "ही आज. ही मातर उद्याला ठिवा. आनि हे," एक जरा फुटलेलं फळ माझ्या हातात ठेवून ती म्हणाली, "हे आत्ताच खा, गाडीत बसायच्या आदी. न्हाईतर मालक वरडंल, गाडी चिकट झाली म्हनून." सुधीरकडे बघून ती हसली. बहीण-भाऊ आहोत हे सांगेपर्यंत तिने पुढचं गिऱ्हाईक धरलं होतं.

किल्ल्याच्या पुढे रस्ता एका जुन्या दरवाजातून जातो. समोरून एसटी आली की एकाने मागे हटायचं, हे अजून तसंच आहे. मग घाट, वर खुलताबाद. थंडी नुकती पडू लागली होती. चिंचेखाली म्हातारे लोक उन्हाकडे पाठ करून बसले होते. तिथे आम्ही धपाटे खाल्ले. गाडी इतकी शहाण्यासारखी वागत होती की सुधीरला चुकल्यासारखं झालं होतं. "बघ, तू आहेस तर काही होत नाही. लोक मला वेडाच म्हणणार."

खुलताबाद सोडून वेरूळच्या बाजूला उतरायला लागलो. डावीकडे दरी, खाली दूरपर्यंत कापसाची पांढरी शेतं. हा उतार आण्णा नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचे. "उतारावर इंजिनाला कामाला लावायचं, पायाला नाही," असं दर वेळी म्हणायचे, आणि शेजारून आई म्हणायची, "माहितीय हो. समोर बघा." एका वळणाच्या अलीकडे सुधीर म्हणाला, "ताई."

त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. त्याचा पाय खाली गेला होता, आणि गाडी जात होती.

मी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. सुधीरने गिअर पाडला, इंजिन ओरडलं. त्याने पाय पुन्हा पुन्हा आपटला, हँडब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूला रस्त्यालगत मातीचा ढीग होता त्यात गाडीचं नाक घातलं. धूळ खाली बसली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. वानरांची एक टोळी कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होती. सुधीरने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

बराच वेळ आम्ही कठड्याशी बसलो. दुसरं काही सुचेना म्हणून सीताफळं खाल्ली. "उद्यासाठी" म्हणून दिलेलं फळही खाल्लं. ते खरंच कच्चं होतं. मग सुधीरने गाडीत जाऊन पाय ठेवून बघितला. ब्रेक पहिल्यासारखा घट्ट. "हे बघ," तो म्हणाला, "आता कुणाला सांगू मी?" परतीला मी चालवली. आण्णांच्या अंगलटीची मीच, त्यामुळे मला सीट बरोबर होते. तोच घाट, तोच उतार, घरापर्यंत काही झालं नाही.

खबर ऐकून सलीमभाई गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी स्वतः मला बाजूला बसवून वेरूळपर्यंत गेले. खडूची रेघ, सीट मागे, बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली. घाटात दोनदा चढले, दोनदा उतरले. ब्रेक पहाडासारखा. खाली टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "ताई, मी इतकी वर्षं गाड्या बघतो. अशी खोटं बोलणारी गाडी नै देखी." गॅरेजला परतल्यावर सीट पुन्हा जागेवर आणून ठेवली.

गंगापूरचा रस्ता

श्राद्धाला थोडेच दिवस उरले होते. सुधीर म्हणाला, एकदा सपाटीवर बघू. कायगावला जायचं ते त्याच रस्त्याने, तिथे काही झालं तर विषयच संपला.

वाळूजचे कारखाने मागे पडले की रस्ता मोकळा होतो. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या होत्या, वेचणीच्या बायका ओट्यांत कापूस घेऊन बांधावरून चालल्या होत्या. नागपूरकडेही कापूस आहे, पण तिकडच्या काळ्या मातीत तो मला परका वाटतो. या रस्त्यावरचा कापूस बघितला की सुट्टी लागल्यासारखं वाटतं. आत्याचं गाव गंगापूरच्या पलीकडे होतं. दर दिवाळीला आम्ही तिकडे जायचो आणि आण्णा वाटेत उसाच्या शेताशी थांबून शेतकऱ्याला आधी पाण्याची पाळी कधी मिळाली ते विचारायचे, मग ऊस मागायचे. त्यामुळे ऊस कधी फुकट मिळायचा, कधी शिव्या मिळायच्या.

गंगापूरच्या अलीकडे एक ट्रॉली वळणावर आडवी आली. सुधीरने ब्रेक दाबला. पाय खाली गेला. या वेळी वेग कमी होता. त्याने गाडी रस्त्याच्या खाली, ढेकळांत उतरवली आणि ती थांबली. तोच जळका वास.

आम्ही उतरतो न उतरतो तोच मागून एक दूधवाला मोटारसायकल उभी करून तरातरा आला. दोन्ही बाजूंना कॅन डुचमळत होते.

"ओ सायेब! कवाधरनं मागं हाय मी तुमच्या. तुमचा त्यो लाल दिवा इझतच नाय!"

"कुठला दिवा?"

"मागला! बिरेकचा! आमी समजावं काय, थांबनार का चालनार? म्हनलं थांबतंय, म्हनून मी हळू केली. हे काय थांबंना. म्हनलं जाऊ दे, पुढं काढावी, तर ह्यो खड्ड्यात गेला. दूध सांडलं असतं ना माझं!"

"अहो, पण ती ट्रॉली आडवी येईपर्यंत मी ब्रेक लावलाच नव्हता," सुधीर म्हणाला.

"मंग दिवा काय भूत लावतंय व्हय?" मला बघून तो जरा मऊ झाला. "लागलं नाय ना कुनाला? मंग झालं. वायर बघून घ्या." आणि गेला.

मी काही यंत्रांतलं जाणत नाही. पण ब्रेकवर पाय असल्याशिवाय तो दिवा लागत नाही एवढं मला माहीत होतं. मी सुधीरला म्हटलं, "आत बस. चालवताना बसतोस तसा बस." आणि मागे जाऊन उभी राहिले. दिवा लागला.

"ब्रेक दाबलास?"

"नाही. पाय ॲक्सिलरेटरवर आहे."

दार उघडून मी वाकले. सुधीरचे गुडघे स्टिअरिंगला अडत होते, म्हणून उजवा गुडघा दाराकडे फेकलेला. टाच ठेवायला जागा नव्हती. पाऊल तिरकं होऊन त्याच्या जाड बुटाची आतली कड ब्रेकवर टेकली होती. दाबलेली नाही, नुसती टेकलेली. घरापासून गंगापूरपर्यंत ती तशीच टेकलेली असणार. मैलोन् मैल ब्रेक चाकांना किंचित घासत होता, तापत होता, आणि तापून तापून शेवटी हात टेकत होता. थांबलो की गार, आणि गार झाला की ठणठणीत. मी चालवली तेव्हा काही झालं नाही, कारण मी आण्णांएवढी. सलीमभाईंनी चालवली तेव्हा काही झालं नाही, कारण ते सीट मागे सरकवत. आणि नंतर, मोठ्या प्रेमाने, पुन्हा होती तशी आणून ठेवत.

दोघांनाही एकदमच कळलं असावं. सुधीर हसला नाही. मी सीटखालच्या दांड्याकडे हात नेला.

"हात लावू नको, ताई."

"सुधीर, एवढंच आहे ते. सरकवली की झालं."

"मला कळतंय ते. तरी नको." तो समोरच्या उसाकडे बघत होता. "वर्षभर या गाडीत बसलो की वाटतं, ते आत्ताच उतरून कुठंतरी गेलेत. येतील आणि म्हणतील, सरक तिकडं. ही मागं घेतली की मग ती माझी जागा झाली ना."

"मग काय करायचं?"

"देऊन टाकू गाडी. घेणारा घेतल्या घेतल्या सरकवेल. त्याला काय! मी नाही सरकवणार. आईला सांगू, ब्रेक काही दुरुस्त होत नाही."

गंगापूरच्या स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. परतीला मी चालवली.

घर

आईला खोटं सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मला जमलं नाही. भाजी निवडता निवडता तिने सगळं ऐकून घेतलं. मेथीची जुडी संपवली, देठ कागदात गुंडाळले. मग म्हणाली, "सुधीर कुठाय?"

"खाली. गाडीपाशी."

ती पदराला हात पुसत जिना उतरली. मी मागोमाग. सुधीर गाडीला टेकून उभा होता. आईने पुढचं दार उघडलं आणि आण्णांच्या सीटवर बसली. त्या जागेवर तिला मी जन्मात बसलेलं बघितलं नव्हतं. तिचे पाय खाली पुरत नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मागच्या वर्षी म्हणालात, बायका नदीवर येत नाहीत," ती म्हणाली. "मी थांबले. आता म्हणता, सीट हलवायची नाही. बरं. मग मी कधी जायचं रे? तुमचं सगळ्यांचं मन राखून झाल्यावर?"

"आई, तसं नाही."

"कसं नाही? चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी शेजारी बसले त्यांच्या. तुझ्यापेक्षा मला ती जागा जास्त माहितीय." मग जरा थांबून, "मला त्यांची जागा बघायचीय, सुधीर. ती इथं नाही. तिकडं आहे."

ती उतरली. सुधीर आत वाकला. त्याने तो दांडा कधी धरलाच नव्हता, तो आधी हाताला लागेना. मग कर्रकन आवाज करत सीट मागे गेली आणि खालच्या गालिच्याची न मळलेली पट्टी उघडी पडली. तिच्यावर भुईमुगाची टरफलं होती. आईने ती उचलली नाहीत. "बस बघू," ती म्हणाली.

सुधीर बसला. पाय सरळ झाले. किती उंच आहे माझा भाऊ, असं मला त्या वेळी वाटलं.

सलीमभाईंना सांगितलं तेव्हा ते आधी खो खो हसले, मग त्यांनी सीटखाली वाकून बघितलं. "यानी मी खडू मारून मारून बीमारी परत लावत होतो?" तापलेले लायनर त्यांनी बदलले, ऑइल नवं भरलं. जाताना बघितलं तर रुळावरची रेघ ते ओल्या फडक्याने पुसत होते.

कायगाव

पहाटे धुकं होतं. आई पुढे बसली, मी मागे. पूजेचं सामान माझ्या मांडीवर. सुधीर सुरुवातीला सवयीने स्टिअरिंगवर वाकूनच चालवत होता. वाळूज गेल्यावर पाठ टेकली. दर थोड्या वेळाने तो आरशात मागचं बघून विनाकारण ब्रेक लावायचा आणि ब्रेक लागायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला आई म्हणाली, "आता पुरे. माझं तांदळाचं पीठ सांडेल."

धरणाच्या फुगवट्यामुळे कायगावला गोदावरी नदी राहिलेली नाही, तळ्यासारखी पसरली आहे. पलीकडे टोका गावाच्या बाजूला देवळांचे काळे दगड पाण्याच्या काठाशी उतरलेले, अलीकडे घाट, घाटावर गुरुजी, नावा, आणि कुणाकुणाच्या घरची गप्प बसलेली माणसं. या पाण्याच्या पाळ्या मोजत आण्णांचा जन्म गेला होता.

विधी झाले. सुधीरने पिंड सोडले. गुरुजींनी आईला मागे बसायला सांगितलं तेव्हा तिने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली. सुधीर धावत जाऊन तिचा हात धरून उभा राहिला.

"कुठं?"

"तिथं आई. नावेतून गेलो होतो आम्ही. तो बगळा बसलाय ना खांबावर, त्याच्या जरा पलीकडं."

आईने डोळ्यांवर हात धरून बघितलं. पाण्यात पाय बुडवले. "गार आहे," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "एवढं रुंद आहे होय! मला वाटत होतं, गर्दीत कुठंतरी सोडून आलात." आणि अजून थोड्या वेळाने, माझ्याकडे वळून, "मोकळी जागा आहे गं. बरं आहे."

काठावरच्या एका घरी सांगून ठेवलेलं जेवण होतं: येसराची आमटी, भात, भाकरी, मेथीची भाजी, खीर. आईने वर्षभरात पहिल्यांदा मागून घेऊन खाल्लं. घरच्या बाईंशी येसराच्या मसाल्यावरून वाद घातला. त्या गव्हाबरोबर हरभऱ्याची डाळ भाजतात, आम्ही बाजरीही घालतो. शेवटी त्यांनी पुडी बांधून दिली आणि आईने ती घेतली.

परतीच्या रस्त्याला ऊन कलतं झालं होतं. आण्णा चालवत असताना आई कधी झोपायची नाही. त्यांना डुलकी लागेल या भीतीने सगळा रस्ता काहीबाही बोलत राहायची. आम्ही दोघं मागे झोपून जायचो आणि तिचा आवाज झोपेत ऐकू येत राहायचा. गंगापूर फाटा मागे पडला तेव्हा ती सुधीरशी श्राद्धाला न आलेल्या एका मामांबद्दल बोलत होती. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहिलं. मी पुढे वाकून बघितलं तर तिचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं.

पुढे वाळूजच्या चौकात कारखान्यांची सुट्टी झाली होती. सायकली, बस, माणसं, सगळा रस्ता भरून आला होता. सुधीरने ते लांबूनच बघितलं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि हळूहळू, हळूहळू दाबत आणला. गाडी गर्दीच्या अलीकडे उभी राहिली. आई झोपलेलीच होती.